मुलांची पहिली फेझंट शिकार : आयोवातल्या मराठी पालकांसाठी

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात राहणाऱ्या मराठी घरांत मुलं बारा-तेरा वर्षांची झाली की ऑक्टोबरच्या सुमारास कधीतरी हा विषय निघतो. वर्गातला मित्र वडिलांबरोबर फेझंट या पक्ष्याच्या शिकारीला जाणार असतो आणि आपल्या लेकाला किंवा लेकीलाही बोलावणं आलेलं असतं. आईवडिलांची पंचाईत होते. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यामुळे शिकार म्हणजे गुन्हा, हेच आपल्या डोक्यात पक्कं. बंदूक आपण पाहिलेली असते ती बँकेच्या दारातल्या रखवालदाराच्या खांद्यावर. मग एकतर ‘आपल्यात हे चालत नाही’ म्हणून विषय मिटतो, नाहीतर मुलाला कुणाच्या तरी गाडीत बसवून दिलं जातं. यातल्या दुसऱ्या गोष्टीची मला काळजी जास्त वाटते.

मी इथे नवख्या मुलांना घेऊन शेतांत जातो. सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट आधीच सांगतो: पहिल्या हंगामात बंदूक एकच असावी, ती मुलाच्या हातात असावी, आणि मोठ्या माणसाने रिकाम्या हातांनी त्याच्या शेजारून चालावं. स्वतःच्या हातात बंदूक असली की मोठ्या माणसाचं अर्धं लक्ष पक्ष्याकडे जातं. पहिल्या वर्षी ते सगळं मुलाकडे हवं.

आधी पक्षी ओळखा

फेझंट मूळचा आशियातला. मोर आणि रानकोंबडा ज्या कुळातले, त्याच कुळातला. शांघायमधले अमेरिकेचे वाणिज्यदूत (कॉन्सल) ओवेन डेनी यांनी चीनमधून पाठवलेले पक्षी १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला ओरेगॉनमध्ये सोडले गेले आणि तिथे रुजले. आयोवात ते आले अपघाताने. १९००-०१ च्या सुमारास सीडर फॉल्स इथल्या एका पक्षीपालन केंद्राचं वादळात नुकसान झालं आणि सुमारे दोन हजार फेझंट मोकळे सुटले. १९२५ साली इथे पहिला शिकारीचा हंगाम झाला.

मारायचा तो फक्त नर. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, म्हणून हंगामात काही नर कमी झाले तरी पुढच्या वसंतात अंडी तेवढीच पडतात. फेझंटचा खरा घात होतो गवताळ जमीन नांगरली गेल्याने, कडक बर्फाच्या हिवाळ्याने आणि अंड्यांच्या दिवसांतल्या गार पावसाने. मुलाला हे पहिल्याच बैठकीत सांगा. मुलं विचारतात, आणि ‘सगळेच मारतात’ हे उत्तर त्यांना पटत नाही, पटूही नये. त्याच बैठकीत पैशाचंही सांगा: शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के संघीय कर असतो, आणि १९३७ च्या कायद्यानुसार तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. ज्या सरकारी गवताळ रानात आपण चालणार, त्याचा खर्च बराचसा असाच निघतो.

नर ओळखायला सोपा. अंग तांबूस-सोनेरी, डोकं हिरवंनिळं, डोळ्याभोवती लाल कातडी, गळ्यात पांढरी पट्टी, शेपूट लांबलचक. उडताना बहुतेकदा कर्कश ओरडतो. मादी मातकट तपकिरी, शेपूट त्यामानाने आखूड. फोटोत हे दोन मिनिटांत कळतं, पण सकाळच्या तिरक्या उन्हात, पाठमोरा उडणारा पक्षी नुसती काळी आकृती दिसतो. म्हणून मुलाला एकच सवय लावा: रंग किंवा पट्टी दिसली नाही तर बार नाही. शंका आली म्हणजे ती मादीच.

कागदपत्रं, आणि व्हिसाची गोष्ट

आयोवात १ जानेवारी १९७२ नंतर जन्मलेल्या कुणालाही शिकारीचा परवाना घ्यायचा तर आधी हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. मुलं ११ व्या वर्षी तो करू शकतात, प्रमाणपत्र १२ व्या वर्षापासून लागू होतं आणि ते इतर राज्यांतही चालतं. १६ वर्षांखालच्या रहिवासी मुलाला परवानाधारक प्रौढाच्या सोबतीने परवान्याशिवाय शिकार करता येते, पण अशा प्रत्येक मुलामागे परवानाधारक मोठा माणूस एक हवा. दोन मुलांमागे एक काका हे चालत नाही, आणि कायद्यात चाललं असतं तरी मी चालू दिलं नसतं.

माझा आग्रह असा की अभ्यासक्रमाला आई किंवा वडिलांपैकी एकाने मुलाबरोबर बसावं, पुढे शेतात जायचं नसलं तरी. घरी जेवताना जी चर्चा होते ती मग दोघांच्या माहितीवर होते.

हंगामाच्या तारखा दरवर्षी राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या पुस्तिकेतून तपासा. साधारण क्रम असा: मुख्य हंगाम ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी सुरू होतो आणि १० जानेवारीपर्यंत चालतो. त्याआधीचा शनिवार-रविवार १५ वर्षांपर्यंतच्या रहिवासी मुलांसाठी राखीव. वेळ सकाळी ८ ते दुपारी ४.३०. हे राखीव दोन दिवस सोडू नका. रानात गर्दी नसते, पक्षी अजून बिथरलेले नसतात, मागून कुणी घाई करत नाही. अडचण एकच, तेव्हा बराच मका उभा असतो आणि पक्षी त्यात दडतात. मुलाला हे आधी सांगितलं की रिकाम्या सकाळीही तो हिरमुसत नाही.

आता आपल्या लोकांसाठी महत्त्वाची गोष्ट, जी शेजारच्या अमेरिकन मित्राला माहीत असण्याचं कारण नाही. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस बाळगायला संघीय कायद्याने बंदी आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असणं हा त्या बंदीला अपवाद आहे. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही. यातली खोच लक्षात घ्या: आयोवाच्या नियमाने १६ खालच्या मुलाला परवाना लागत नाही, पण मुलगी एच-४ वर असेल आणि तिच्याकडे परवानाच नसेल, तर तो अपवादही तिच्या हाताशी नाही. अशा घरांनी इमिग्रेशन वकिलाचं लेखी मत घेतल्याशिवाय बंदुकीला हात लावू नये, मैदानावरच्या सरावातसुद्धा नाही. पुढची बिनबंदुकीची पायरी मात्र कुणालाही करता येते.

सोबत कोण जाणार

मार्गदर्शक निवडताना तो किती चांगला नेमबाज आहे हे शेवटी विचारा. आधी हे पाहा: तो मुलाचं बोलणं पुरतं ऐकून घेतो का? कंटाळलेल्या, गारठलेल्या पोराला दहा वाजताच घरी आणायची त्याची तयारी आहे का? ‘मला नाही मारायचं’ असं मूल म्हणालं तर त्याच्या कपाळाला आठी पडते का? शक्य असेल तर त्याच्याबरोबर एकदा नुसतं फिरायला जा. बंदूक हाताळताना तो बोलता बोलता नळीची दिशा विसरतो का, ते तुम्हाला आपोआप दिसेल.

ओळखीत कुणी नसेल तर फेझंट्स फॉरेव्हर या संस्थेच्या स्थानिक शाखेकडे चौकशी करा. ही संस्था १९८२ साली मिनेसोटातल्या सेंट पॉलला सुरू झाली, आणि तिच्या शाखा मुलांसाठी अशा सोबतीच्या सहली भरवतात. मुलीसाठी सोबतीला एखादी मावशी मिळाली तर उत्तमच. पुरुषांच्या घोळक्यात गप्प राहणाऱ्या मुली बाई सोबत असली की भराभर प्रश्न विचारतात.

वडीलधाऱ्या माणसाच्या वागण्याने काय होतं याचं एक उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे. पक्षीतज्ज्ञ सलीम अली लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारत. एक वेगळी दिसणारी, पिवळ्या गळ्याची चिमणी हाती आली तेव्हा मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत तिथले सचिव मिलार्ड यांच्याकडे धाडलं. मिलार्ड रागावले नाहीत. त्यांनी पक्षी ओळखला आणि संग्रहाची कपाटं त्या पोरापुढे उघडली. पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे.

ऑगस्टमध्ये, बंदुकीशिवाय

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते सर्वांत जास्त शिकणं हिच्यात होतं.

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, दव भरपूर पडलं असेल अशा पहाटे, मुलाला खडीच्या रस्त्यांनी गाडीतून हळूहळू न्या. ओल्या गवतात भिजलेल्या माद्या पिलांना घेऊन अंग सुकवायला रस्त्याच्या कडेला येतात. राज्याचं खातं दरवर्षी याच दिवसांत, याच कारणासाठी ३० मैलांच्या ठरलेल्या मार्गांवर फेझंटची गणती करतं. मुलाच्या हातात वही द्या. माद्या किती, पिलं किती, नर किती, कुठल्या पिकाच्या कडेला, हे त्याने लिहायचं. ऑक्टोबरमध्ये तुम्ही ज्या पट्ट्यातून चालणार तो यातूनच ठरतो, आणि जागा मुलाने शोधलेली असते.

जमीन खाजगी असेल तर परवानगी उन्हाळ्यातच मागा. शेतकऱ्याच्या दारात मुलाला बरोबर घेऊन जा, नाव सांगा, कुठे राहता ते सांगा, कुठून कुठपर्यंत चालणार ते विचारा. बोलणं मुलाने केलं तर फारच छान. आपला रंग, आपला उच्चार यांमुळे आपण दार वाजवायला बिचकतो, हे मला माहीत आहे. तरी वाजवा. नकार आला तर धन्यवाद म्हणून निघा. सरकारी वन्यजीव क्षेत्रं आहेत, आणि राज्याच्या योजनेत शेतकऱ्यांनी शिकारीसाठी खुल्या केलेल्या खाजगी जमिनीही आहेत, त्यांचे नकाशे खात्याकडे मिळतात.

बंदूक आणि सराव

वीस बोअरची, मुलांच्या मापाच्या दस्त्याची बंदूक घ्या किंवा मागून आणा. (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप; आकडा लहान, तितकी नळी रुंद.) बारा बोअर बारा वर्षांच्या खांद्याला जड जाते. चारशे दहा बोअर हलकी म्हणून लोक मुलांना देतात, ते मला पटत नाही: तिच्यात छरे थोडे, म्हणून पक्षी जखमी होऊन निसटायची शक्यता जास्त. ती मुरलेल्या हातासाठी आहे.

वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची असतात, आणि त्यामागे कारण आहे. ते काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत गेलं तर आत सरकून अडकतं. मागून बारा बोअरचं घातलं आणि चाप ओढला तर नळी फुटते. म्हणून ज्या दिवशी मुलाकडे वीस बोअर, त्या दिवशी खिशात, डिकीत, पिशवीत कुठेही बारा बोअरचं काडतूस नको.

सरावाआधी मुलाचा कुठला डोळा बलवान आहे ते पाहा. दोन्ही तळहातांची छोटी खिडकी करून लांबच्या खांबाकडे दोन्ही डोळ्यांनी पाहायला सांगा, मग एकेक डोळा मिटायला लावा. ज्या डोळ्याने खांब खिडकीत राहतो तो बलवान. उजवा हात आणि डावा डोळा अशी जोडी निघाली तर प्रशिक्षकाला आधी सांगा, नाहीतर पोरगं विनाकारण चुकत राहील आणि स्वतःला दोष देईल.

मग क्ले टार्गेटच्या, म्हणजे हवेत उडवलेल्या थाळ्यांवर नेम धरायच्या मैदानावर सराव. कानाला संरक्षण, डोळ्याला चष्मा, हलक्या भाराची काडतुसं, आणि बंदुकीत एका वेळी एकच. समोर सरळ जाणाऱ्या थाळ्या नीट फुटायला लागेपर्यंत शेतात न्यायची घाई नको. सरावातच चार नियम अंगवळणी पडले पाहिजेत: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, नळी कधीही माणसाकडे किंवा कुत्र्याकडे नाही, मारायचं ठरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर, आणि निशाण्याच्या मागे काय आहे ते पाहिल्याशिवाय बार नाही. मुलाने नियम तोंडपाठ म्हटले यावर विसंबू नका, हात पाहा. बंदूक दुसऱ्याकडे देताना त्याने न सांगता आधी उघडून रिकामी दाखवली, की समजा तयार झाला.

घरी बंदूक कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली मोठ्यांकडे.

प्रत्यक्ष सकाळ

कपड्यांचं थोडक्यात: पाय न घासणारे, आधी वापरलेले बूट, काटेरी झुडपांत टिकेल अशी पँट, आणि भडक केशरी जॅकेट व टोपी. आयोवात फेझंटच्या शिकारीला वरच्या कपड्यांपैकी निदान एक तरी असा लागतो की ज्याचा अर्धा भाग सलग केशरी आहे. मी टोपी आणि जॅकेट दोन्ही घालायला लावतो. पाणी, चिक्की, कोरडे मोजे. बस्स.

गाडी लांब उभी करा, दारं हळू लावा. फेझंटला दार आपटल्याचा अर्थ कळतो आणि तो धावत पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाने निघून जातो. चाल वाऱ्याच्या तोंडावर ठेवा, म्हणजे कुत्र्याला वास मिळतो आणि आपला आवाज मागे राहतो. माणसांची किंवा गुरांची वस्ती असलेल्या इमारतीपासून २०० यार्डांच्या आत मालकाच्या परवानगीशिवाय बार टाकता येत नाही, तेव्हा वाड्या-गोठ्यांची ठिकाणं आधी मुलाला दाखवून ठेवा.

मूल उजवं असेल तर तुम्ही त्याच्या उजव्या हाताला, अर्धं पाऊल मागे. दोन्ही हातांत आडवी-वर धरलेल्या बंदुकीची नळी तेव्हा डावीकडे, तुमच्यापासून दूर असते, आणि गरज पडली तर तुमचा हात तिच्यापर्यंत पोहोचतो. कुंपण किंवा चर आला की थांबा: बंदूक उघडायची, काडतूस काढायचं, बंदूक तुमच्याकडे द्यायची, पलीकडे जायचं, परत घ्यायची. दिवसभरात कितीही कुंपणं आली तरी प्रत्येक वेळी.

सावकाश चाला आणि मधेच थांबा. सतत चालणाऱ्या माणसाला फेझंट दबून जाऊ देतो. पावलांचा आवाज बंद झाला की त्याचा धीर सुटतो. कुत्रा पॉइंटर जातीचा असेल तर वास लागताच एक पाय उचलून जागीच थिजतो. अशा वेळी मुलाच्या कानाशी हळू बोला: पाय रोव, बोट बाहेर, वर बघ.

आणि मग तो उठतो. हा क्षण कितीही समजावला तरी मुलं दचकतात. गुडघ्याएवढ्या गवतातून, दोन हातांवरून, पंखांचा फडफडाट करत एवढा मोठा पक्षी सरळ वर चढतो आणि ओरडत वाऱ्यावर वळतो. पहिल्या वेळी बहुतेक मुलं बंदूक खांद्याला लावतच नाहीत, नुसती बघत राहतात. राहू द्या. ‘अरे मार की!’ असं ओरडलात तर पुढच्या वेळी ते मूल मादी-नर न पाहता, कुत्रा कुठे आहे हे न पाहता चाप ओढेल.

बार टाकायचा तर तीन गोष्टी जुळायला हव्यात. तो नर आहे हे मोठ्या माणसाने मोठ्याने ‘नर!’ असं म्हणून सांगितलेलं असावं. पक्ष्याच्या खाली मोकळं आकाश दिसत असावं, कारण खालून उडी मारणारा कुत्रा आणि गवताआड चालणारा माणूस यांना हाच एक नियम वाचवतो. आणि अंतर पंचवीस-तीस पावलांच्या आत असावं. ते आधी जमिनीवर मोजून दाखवा, मुलांचा अंदाज फार चुकतो. नेम शेपटीवर जातो, कारण डोळ्यात भरते ती शेपूट. मुलाला सांगा, गळ्यातल्या पांढऱ्या पट्टीकडे बघ आणि बंदूक तिच्या पुढे निघू दे.

पक्षी पडल्यावर

नजर जागेवरून हलवायची नाही. पडला ती जागा कुठल्या गवताच्या झुबक्याशी आहे हे बोलून दाखवत सरळ तिथे चालायचं. आधी बंदूक रिकामी करून तुमच्याकडे. फेझंट जखमी झाला तर पायांवर पळतो, म्हणून इथे कुत्रा लाखमोलाचा. कुत्रा नसेल तर तेवढ्या भागात सगळ्यांनी गुडघे टेकून शोधायचं, कितीही वेळ लागो, मगच पुढची चाल.

पक्षी जिवंत सापडला तर मान मोडून त्याला लगेच सोडवायचं काम पहिल्या वर्षी मोठ्या माणसाचं. मुलाला दूर पाठवू नका आणि जबरदस्तीने पाहायलाही लावू नका. काही मुलं रडतात. काही एकदम गप्प होतात, काही नको इतकं बोलतात. ‘मुलगे रडत नाहीत’ हे वाक्य त्या शेतात उच्चारू नका. मी पक्षी मुलाच्या हातात देतो आणि काही वेळ काहीच बोलत नाही. ते ऊबदार वजन, पिसांतले तांबूस, जांभळे, हिरवट रंग, पायावरचं नखासारखं आर, हे सगळं मूल स्वतः निरखतं. आर आखूड आणि बोथट असेल तर त्याच वर्षीचा पक्षी, लांब आणि टोकदार असेल तर जुना.

तिथून घरी परतायचं असं मुलाने म्हटलं तर परता.

साफसफाई आणि स्वयंपाक

हे काम मुलाने करायचं, पूर्ण. शिकार केली तर खायची, आणि खायची तर हातांनी साफ करायची, ही अट मी आधीच घालतो. घर शाकाहारी असेल तर आजी-आजोबांसकट सगळ्यांशी निघण्यापूर्वी बोला आणि पक्षी कुठे शिजणार ते ठरवा.

नेताना पक्ष्याचं डोकं, पाय किंवा पिसांसकट पंख अंगाला जोडलेला ठेवावा लागतो, म्हणजे तो नर आहे हे तपासता येतं. घरी आल्यावर गळ्याखालची दाण्यांची पिशवी आधी उघडा. तिच्यात मक्याचे दाणे निघतात, सोयाबीन, रानगवताचं बी, कधी एखादा अख्खा नाकतोडा. ऑगस्टमधली वही आणा आणि पक्षी कुठे चरला असेल ते मुलाला शोधू द्या. मी पाहिलेल्या मुलांना यात बाराइतकाच रस असतो.

मांस स्वच्छ करताना छऱ्याची बारीक भोकं शोधा. छरा आत जाताना पीस ओढून नेतो, तेव्हा मांसात काळपट पिसाचा तंतू दिसला की सुरीच्या टोकाने त्याच्या मागोमाग जा, छरा सापडतो. मुलांच्या पोटात शिसं जाऊ नये म्हणून मी पोलादी छरेच वापरतो. पाणथळ सरकारी क्षेत्रांत बऱ्याच ठिकाणी शिशाला बंदीही आहे.

छातीचं मांस आणि तंगड्या वेगळ्या शिजवा. अंगात चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे छाती जास्त शिजली की कोरडी पडते. आलं-लसूण, हळद, दही लावून ठेवा आणि रस्सा उकळल्यावर शेवटी टाका. तंगड्यांत हाडासारख्या कडक शिरा असतात, त्या कुकरमध्ये गावठी कोंबड्यासारख्या भरपूर शिट्ट्या देऊन शिजवा, मांस सोडवून घ्या आणि त्याच रश्शात घाला. वरून भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं वाटण. जेवायला बसताना ‘छरा लागेल, सावकाश चावा’ असं सगळ्यांना सांगा.

त्याच आठवड्यात मुलाला घेऊन शेतकऱ्याकडे जा, डब्यातून रस्सा न्या किंवा साफ केलेला एक पक्षी द्या. किती नर दिसले, किती माद्या उठल्या, कुंपण कुठे सैल झालं आहे, हे मुलाने सांगावं. पुढच्या फेरीसाठी डिसेंबरचा दुसरा पंधरवडा चांगला: मका कापून झालेला असतो, बर्फ पडलं असेल तर पक्षी पाणथळातल्या दाट लव्हाळ्यात गोळा होतात, आणि मुलांना सुट्टी असते. तेव्हाही बंदूक एकच न्या.